हरलेल्याने जायचे कुठे?

ट्रान्सनिस्ट्रियाचा विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. एक व्हिडिओवाल्या प्रवाशांचा : लेनिनचा पुतळा, झेंड्यावर कोयता-हातोडा, ‘सोव्हिएत संघाचे जिवंत संग्रहालय’. दुसरा जाणकारांचा : मॉस्कोच्या दोरीवर नाचणारे बाहुले, तिथल्या निवडणुका कसल्या मोजता? दोन्ही सूर आळशी आहेत. येवगेनी शेवचुक यांची कारकीर्द पाहिली की ते कळते.

मोल्दोव्हा आणि युक्रेन यांच्यामधली ही चिंचोळी पट्टी १९९० मध्ये वेगळी झाली. १९९२ मध्ये लढाई झाली आणि रशियन सैनिक आजही तिथे आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या एकाही सदस्य देशाने तिला मान्यता दिलेली नाही. पण संसद आहे, पक्ष आहेत, मतपेटीही आहे. २००५ मध्ये ‘ओब्नोव्लेनिये’ पक्षाला बहुमत मिळाले आणि शेवचुक सभापती झाले. २००९ मध्ये अध्यक्ष स्मिर्नोव्ह राज्यघटना बदलू पाहत होते, तेव्हा शेवचुक यांनी विरोध म्हणून ते पद सोडले. २०११ मध्ये ते अध्यक्षपदासाठी उभे राहिले. वीस वर्षे गादीवर असलेले स्मिर्नोव्ह पहिल्याच फेरीत बाद. दुसऱ्या फेरीत तेव्हाचे सभापती कामिन्स्की हरले, आणि मॉस्कोचा पाठिंबा होता तो त्यांनाच! त्या दिवशी बाहुल्याची दोरी कुठे गेली होती?

मग खरे दुखणे कुठे आहे? ते पुढच्या अंकात दिसते. दुकाने, पेट्रोलपंप, फोन, शिवाय २०२१ मध्ये रेआल माद्रिदला हरवणारा फुटबॉल क्लब, असा सगळा पसारा असलेल्या ‘शेरीफ’ कंपनीशी शेवचुक यांचे बिनसले. ‘ओब्नोव्लेनिये’ याच कंपनीच्या जवळचा. पैसा आटला, पगार आणि पेन्शनी रखडल्या. २०१६ मध्ये त्यांना हरवले ते पुन्हा एका सभापतींनी, वादिम क्रास्नोसेल्स्की यांनी. इथवर ठीक, लोकशाहीत माणसे हरतात. पण २०१७ मध्ये संसदेने शेवचुक यांचे कायदेशीर संरक्षण काढून घेतले आणि ते पळून गेले. २०१८ मध्ये त्यांच्या गैरहजेरीत त्यांना सोळा वर्षांची शिक्षा झाली.

‘पण तो भ्रष्टच होता!’ असेलही. मी त्यांची वकिली करत नाही. मुद्दा हा की ते दोषी होते की नव्हते, हे तिथल्या न्यायालयाच्या निकालावरून कळायला मार्ग नाही. ओलेग खोर्झान तर सत्तेत नव्हतेच. ते कम्युनिस्ट नेते, संसदेतला विरोधी आवाज. २०१८ मध्ये त्यांना तुरुंगात टाकले. सुटून आले, आणि २०२३ च्या जुलैत घरातच त्यांचा खून झाला.

निवडणूक खरी की खोटी, हे विजेत्याकडे बघून ठरत नाही. हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी आपल्या घरी शांतपणे चहा पिऊ शकतो का, हे बघावे.

तिथला नागरिक दाद मागणार कुठे? स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयाने २००४ च्या इलाश्कू खटल्यापासून तिथल्या अत्याचारांसाठी रशियाला जबाबदार धरले. २०२२ मध्ये रशिया त्या करारातूनच बाहेर पडला. पासपोर्ट आणि व्हिसा यांची किंमत आपल्यासारख्या परदेशस्थांना वेगळी सांगायला नको. तिथला स्वतःचा पासपोर्ट जगात चालत नाही, म्हणून लोक मोल्दोव्हाचा, रशियाचा नाहीतर युक्रेनचा बाळगतात. परका पासपोर्ट नदी ओलांडायला उपयोगी पडतो, तिरास्पोलच्या कोठडीत नाही.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. त्या राज्याला मान्यता देऊ नका, पण ती न देणे म्हणजे तिथल्या माणसांकडे पाठ फिरवणे नव्हे. वाटाघाटी होतात त्या गॅसच्या, सीमाशुल्काच्या, सैन्याच्या. त्या यादीत पहिल्या क्रमांकावर तिथले तुरुंग आणि न्यायालये यायला हवीत. नाहीतर उद्या झेंडा बदलेल, सभापती बदलेल, आणि हरलेला पुन्हा रात्रीत नदी ओलांडेल.