बेल कोण मारणार?

गटात कुणी ‘मला काल स्वप्न पडलं’ म्हटलं, की आपण सरसावून बसतो. सगळे प्रश्न त्या एकाच व्यक्तीला विचारतो आणि बाकीचे सात जण प्रेक्षक होतात. गटोपचार चालू आहे असं आपण समजतो; प्रत्यक्षात ते सात जणांसमोर केलेलं एकाचं समुपदेशन असतं.

माझ्या हातून हे झालं आहे. (तपशील बदलले आहेत, गटाची संमती आहे.) चाळिशीच्या एका सदस्येने सांगितलं : एसटी घाट उतरतेय, गाडी खच्चून भरलेली, पण कंडक्टरच नाही. प्रत्येकाच्या मुठीत सुट्टे पैसे, घामाने चिकट झालेले. थांबे येतात, जातात. बेल मारायला कुणी नाही म्हणून गाडी थांबत नाही. तिचे वडील एसटीत नोकरीला होते, हे मला ठाऊक होतं. मग काय, वीस मिनिटं मी वडिलांच्याच मागे लागलो. तीही बिचारी प्रामाणिकपणे उत्तरं देत राहिली. समोरचे एक गृहस्थ पाण्याच्या बाटलीचं लेबल नखाने खरवडत होते. आदल्याच बैठकीत मी चार आठवड्यांची रजा जाहीर केली होती, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

फ्रॉइडच्या १९००च्या स्वप्नमीमांसेने आपल्याला एक रीत दिली : स्वप्नाचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्यावर स्वप्न पाहणाऱ्याला काय काय सुचतं ते ऐका. रीत पक्की आहे, पण ती दोन माणसांच्या खोलीतली. १९३३मध्ये जर्मनी सोडून इंग्लंडला आलेल्या मनोविश्लेषक फुक्सने दुसऱ्या महायुद्धात बर्मिंगहॅमजवळच्या नॉर्थफील्ड लष्करी रुग्णालयात सैनिकांचे गट चालवले. स्वप्न ही एकट्याची निर्मिती आहे, हे तो मानत होता आणि गटात स्वप्नं मुद्दाम मागवायला तो फारसा उत्सुक नव्हता. पण एकदा सांगितलेलं स्वप्न गटाचं होतं. त्यावर इतर जे बोलतात, गप्प बसतात, विषय बदलतात, तेही त्या स्वप्नाचंच साहचर्य. गट चालवणाऱ्याला त्याने ‘कंडक्टर’ म्हटलं. त्याच्या डोळ्यांसमोर वाद्यवृंद होता. आपल्या कानाला मात्र चामड्याची पिशवीच आठवते. माझ्या गटाला ती आठवली होती, मलाच नाही.

स्वप्नात भोवतालचा समाज किती शिरतो, हे पाहायचं तर शार्लोट बेराट वाचावी. १९३३ ते १९३९ या काळात तिने नाझी राजवटीतल्या लोकांची स्वप्नं टिपली, सांकेतिक शब्दांत लिहून पुस्तकांच्या बांधणीत लपवली. ती १९६६मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यातल्या एका कारखानदाराच्या स्वप्नात गोबेल्स कारखान्यात येतो. कामगारांसमोर हात वर करून सलाम ठोकायला मालकाला अर्धा तास लागतो आणि मग गोबेल्स म्हणतो, तुमचा सलाम मला नकोच. ह्याचं मूळ निव्वळ त्या मालकाच्या बालपणात शोधणारा उपचारक मला तरी आंधळा वाटेल.

उलट टोकही आहेच. गॉर्डन लॉरेन्सने १९८२मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेत ‘सोशल ड्रीमिंग’ सुरू केलं. त्यात लक्ष स्वप्नावर, स्वप्न पाहणाऱ्यावर नाही. त्याच्या हेतूसाठी ते ठीक, पण तो उपचार नव्हे. आपल्याकडे माणूस दुखणं घेऊन आलेला असतो. ‘हे तर सगळ्यांचं स्वप्न’ म्हणत ते त्याच्या हातून काढून घेतलं, तर तो पुन्हा सांगणार नाही. माझ्या गटातल्या त्या सदस्येचे वडील तिचेच होते.

मराठीत स्वप्न ‘पडतं’. गारा पडाव्यात तसं. जो अंगणात असेल त्याच्या डोक्यावर. गटातल्या स्वप्नाबद्दल याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही.

पुढच्या आठवड्यात मी उशिरा का होईना, तीच गाडी पुन्हा काढली. या वेळी कुणा एकाकडे न बघता विचारलं, ‘गाडीत आणखी कोण कोण होतं?’ बराच वेळ कुणी बोललं नाही. मग लेबल खरवडणारे गृहस्थ म्हणाले, ‘मी दाराशी उभा होतो. तुम्ही रजेवर गेलात की उतरायचंच ठरवलं होतं.’