नमुना नव्हे, व्यक्ती

स्थलांतरित मुस्लिम कुटुंबावरील कादंबरी हाती येताच समीक्षक ‘परंपरा विरुद्ध आधुनिकता’ हा तयार साचा पुढे करतो आणि संहितेऐवजी समाजाचा अहवाल वाचू लागतो. फातिमा फरहीन मिर्झा यांच्या ‘अ प्लेस फॉर अस’ (२०१८) या इंग्रजी कादंबरीला हा साचा लावून पाहावा. कॅलिफोर्नियातील भारतीय शिया कुटुंबाची ही कथा. साच्यानुसार पिता रफीक हा पितृसत्तेचा प्रतिनिधी ठरतो. पण वडिलांचे घड्याळ तो मुलाला, अमारला, न देता थोरल्या हादियाला देतो. मुलीचा हा गौरव मुलाला नाकारल्यासारखा वाटतो. येथे रूढी मोडणारी कृतीच जखम करते आणि साचा निरुत्तर होतो.

त्याहून महत्त्वाची आहे रचना. आधीचे तृतीयपुरुषी निवेदन प्रामुख्याने आई व मुलांच्या दृष्टीतून चालते. अखेरचा भाग मात्र रफीक स्वतः, अमारला उद्देशून, सांगतो. कठोर वाटलेला बाप पश्चात्तापाने बोलू लागतो आणि वाचकाला स्वतःचाच निवाडा फेरतपासावा लागतो. हा अनुभव कोणत्याही समाजशास्त्रीय सारांशात मावत नाही. मुस्लिम पात्राला केवळ नमुना ठरविणारी समीक्षा सहानुभूतीचा कितीही आव आणो, ती पूर्वग्रहाचीच सभ्य आवृत्ती होय.