ताटांची चळत आणि कॉलरीवरचे फोड

भिवंडी म्हटले की यंत्रमागांचा खडखडाट आठवतो. पण शिलाईचे काही काम घराघरांतूनही होते आणि ते आमच्या माताभगिनीच करतात. गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या एका भगिनीचे लेडीज जाकिटाचे चाळीस नग परत आले. कॉलरीवर फोड उठले होते. मुकादमाने मजुरी कापली. ती म्हणाली, "भाऊ, इस्त्री तीच, हात तोच. बकरम तेवढे नवे होते."

आम्ही पडलो कारकून, शिक्षण बी.कॉम. तरी हा हिशेब लावून पाहावा असे ठरवले.

चिकटवायच्या बकरमच्या एका बाजूस बारीक दाणे असतात. काहींवर पॉलिथीनचे, काहींवर नायलॉनचे. इस्त्रीने ते वितळतात व कापडाला धरतात. साधे नायलॉन-6 सुमारे 220 अंश सेल्सिअसला वितळते. 1935 साली अमेरिकेत कॅरोदर्स यांनी तयार केलेले नायलॉन-66 तर सुमारे 260 अंशांना. एवढ्या उष्णतेने जाकिटाचे कापडच खराब होईल. मग बकरमचे नायलॉन 110 ते 130 अंशांच्या आसपास कसे वितळते?

उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. एका मापाची ताटे एकात एक घट्ट बसतात. मध्ये वेगळ्या मापाची ताटे घातली की चळत डळमळते. नायलॉनच्या लांब साखळ्याही अशाच एकमेकींना धरून ओळीने बसतात. त्यास स्फटिक म्हणतात. तो मोडायला उष्णता जास्त लागते. एकाच साखळीत नायलॉन-6, 66 आणि 12 यांचे तुकडे मिसळले की मापे जुळत नाहीत. स्फटिक थोडे व कच्चे होतात आणि लवकर वितळतात. येथे सरासरी चालत नाही. 6 आणि 66 ठराविक प्रमाणात मिसळले तर मिश्रण दोघांपेक्षाही कमी उष्णतेला वितळते!

म्हणजे मिश्रणाचे प्रमाण बदलले की उष्णताही बदलावी लागते. शिवाय असे मिश्रण निवताना स्फटिक सावकाश धरते. गरम कॉलर लगेच उचलून दुमडली तर चिकटलेले सुटते.

म्हणून भगिनींनो, नवे बकरम आले की आधी चिंधीवर चिकटवून पाहा. इस्त्री घासू नका, दाबून धरा. नग सपाट ठेवून पूर्ण निवू द्या. इस्त्रीवरचा एक ठिपका म्हणजे सुमारे 110 अंश, दोन म्हणजे 150, तीन म्हणजे 200, हेही ध्यानात ठेवा. आणि माल देणाऱ्यास विचारा, "याला उष्णता किती?" ते सांगणे त्याचे काम आहे. न सांगता मजुरी कापणे हा न्याय नव्हे.

ती भगिनी आता चिंधीवर पाहूनच काम धरते. कापलेली मजुरी अजून मिळालेली नाही. येत्या रविवारी ती मागायला आम्ही तिच्यासोबत जाणार आहोत.