हौद्यातली माती रोज उकरली जावी

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं आणि मराठी मुलूख हळहळला. सरकारने पुनर्बांधणी हाती घेतली, हे योग्यच झालं. त्या नाट्यगृहाला लागूनच खासबागचं कुस्ती मैदान आहे. दोन्ही वास्तू राजर्षी शाहूंच्या. त्यांची काळजी मात्र वेगवेगळ्या तऱ्हेने घ्यावी लागेल, असं माझं ठाम मत आहे.

१९०२ साली युरोपच्या दौऱ्यात शाहू महाराजांनी रोमचं कलोसियम पाहिलं. त्याच धर्तीवर १९१२ मध्ये खासबाग उभं राहिलं. मधोमध आखाडा आणि चहूबाजूंनी चढत गेलेली बैठक, म्हणून अगदी मागच्या माणसालाही पटात शिरलेला मल्ल दिसतो. पण मैदान भरतं ते तालमींच्या जिवावर. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत खेड्यांतली पोरं राहतात, पहाटे उठून जोर-बैठका मारतात, आखाड्यातल्या मातीचा हौदा उकरतात. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मुरवलेली ती माती चार दिवस हलवली नाही तर घट्ट होऊन बसते. मग छप्पर कितीही मजबूत असो, तालीम संपलेली असते.

कुणी म्हणेल, ऑलिंपिकची कुस्ती मॅटवर होते, माती कशाला? गोळेश्वरचे खाशाबा जाधव याच मातीत घडले. १९४८ ला लंडनमध्ये ते सहावे आले आणि १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकलं. महाराष्ट्र केसरीत आजही माती आणि गादी असे दोन विभाग असतात. आपल्या तालमींनाही हौद्याशेजारी मॅट अंथरता येईल. हौदा बुजवायची गरज नाही.

हा वारसा एकट्या कोल्हापूरचा नाही. १९५९ चे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे. बेळगावात आनंदवाडीचा आखाडा आहे. आमच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ हे कुस्तीचं गाव, तिथे सिद्दी समाजातल्या मुलामुलींनीही शड्डू ठोकलाय. जोयडा तालुका त्याला लागूनच. तरी तिथल्या गुंदसारख्या रानातल्या गावच्या पोराला कुस्ती शिकायची तर घर सोडावंच लागतं. त्याला आधी राहायला जागा हवी, पोटभर खुराक हवा आणि चुकलेला डाव पुन्हा पुन्हा घोटून घेणारा वस्ताद हवा.

जुन्या वास्तूंसाठी निधी येतो तेव्हा तो बहुधा दगड, चुना, रंग आणि कमानीवर खर्च होतो. तालमीच्या बाबतीत एवढ्याने भागणार नाही. दूध, बदाम, तूप यांचा खर्च शेतकरी बाप पेलू शकत नाही, तेव्हा पोरगं तालीम सोडतं. म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. ज्या तालमीला वारसा म्हणून पैसे द्याल, तिथल्या वस्तादाचं मानधन आणि राहत्या मल्लांचा खुराक त्याच मंजुरीत धरा, दरवर्षी धरा. हे महाराष्ट्राने करावं, कर्नाटकानेही करावं. आणि नव्या तालमींचा विचार होईल तेव्हा जोयड्याचं नाव यादीत वर असावं. जंगलातल्या वाटा रोज तुडवणाऱ्या इथल्या पोरांच्या पायांत ताकद आहे. त्यांना हौदा द्या.