ओढ्यावरचा पाहुणा



दसरा झाला ना? आपट्याचं सोनं देऊन मोठ्यांच्या पाया पडलात ना? छान! आज तुम्हाला आमच्या ओढ्यावर घेऊन जाते.

आमची शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात. परतीचा पाऊस थांबला की इथला ओढा निवळतो, तळाचे गोटे मोजता येतील इतका. तुरीला पिवळी फुलं लागतात, कापसाची बोंडं फुटतात, बांधावरच्या सीताफळांचे डोळे उघडतात. दुपारचं ऊन डोकं उठवतं, पण सकाळी गवतावर दव असतं. पुस्तकात शरद ऋतू म्हणतात, तो हाच.

आणि याच दिवसांत आमचं गाव रिकामं होतं. कुणी दसरा झाला की, कुणी दिवाळी करून ऊसतोडीला निघतं. ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी, धान्य, शेळीसुद्धा! नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे जावंच लागतं. परत यायचं ते पाडव्याच्या आसपास. काही मुलं सोबत जातात, काही आजीजवळ राहतात.

गेल्या वर्षी तिसरीतली एक मुलगी अशीच मागं राहिली. ट्रॅक्टर गेला आणि तिचं बोलणंच बंद झालं. पाढे येत असून म्हणेना. मी गोष्टी सांगितल्या, समजावलं, एकदा रागावलेही. (रागवायला नको होतं.) शेवटी एका सकाळी शाळा भरायच्या आधी तिला घेऊन ओढ्यावर गेले. काही विचारलं नाही. खरं सांगायचं तर मीही थकले होते. दगडावर दोघी नुसत्या बसलो. पाण्याचा आवाज तेवढा येत होता.

दहाएक मिनिटांनी समोरच्या गोट्यावर एक पक्षी उतरला. काळा-पांढरा, चिमणीहून थोडा लांब. शेपटी सारखी वर-खाली, वर-खाली.

"बाई, ह्यो धुणं धुतोय!"

कितीतरी दिवसांनी तिचा आवाज ऐकला. मी म्हटलं, "अगं, म्हणूनच त्याला धोबी म्हणतात."

मग तिला सांगितलं, तेच तुम्हालाही सांगते. हा धोबी आपल्याकडं हिवाळ्यापुरता येतो. त्याचं घरटं तिकडं हिमालयात, नाहीतर त्याच्याही पलीकडच्या थंड मुलुखात. वजन म्हणाल तर २०-२५ ग्रॅम! एवढासा जीव हजारो किलोमीटर उडत येतो. शास्त्रज्ञ पक्ष्यांच्या पायात हलकं कडं घालतात. मुंबईत १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी हे काम करते. अशा कड्यांवरूनच कळलं, की काही पक्षी दरवर्षी अगदी त्याच जागी परततात.

"मग जातो कवा?"

"मार्च-एप्रिलात."

तिनं बोटं मोजली. "म्हंजी आई येती तवाच की."

मी काही बोलले नाही.

त्यानंतर ती रोज ओढ्यावर जाऊ लागली. वहीच्या मागच्या पानावर तारीख घालून लिहायची, 'आला' किंवा 'नाही आला'. पाढे लगेच सुरू झाले असं समजू नका. त्याला संक्रांत उजाडली. मार्चअखेर 'नाही आला' असं सलग चार दिवस लिहिलं गेलं. आई मात्र त्यानंतर बारा दिवसांनी आली, कारण कारखाना लांबला होता. ते बारा दिवस तिला फार जड गेले. तरी ती ओढ्यावर जाऊन बसायची.

तुम्ही शहरात राहता? मग शाळेचं मैदान, गच्चीवरची टाकी, तळ्याचा काठ बघा. धोबी तिथंही येतो. दाणे टाकू नका, तो किडे खातो. पालकांनो, तुम्हीही शेजारी बसा, पण फोन घरी ठेवून, आणि "काय शिकलास?" असं विचारू नका.

परवा तिचे आई-बाबा पुन्हा गेले. आज सकाळी ती पळतच वर्गात आली, "बाई, आलाय!" आम्ही दोघी जाऊन बघून आलो. त्याच्या पायात कडं नव्हतं, म्हणून मी म्हटलं, "गेल्या वर्षीचाच कशावरून?"

ती म्हणाली, "त्योच हाय. त्याच गोट्यावर बसलाय की."

तुमच्या बाई