पर्सेप्ट्रॉन : अर्धीच सांगितली जाणारी कथा

१/ जुलै १९५८. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी नौदलाने पत्रकारांसमोर एक प्रात्यक्षिक केले. आयबीएम ७०४ या अवजड संगणकाला डावीकडे वा उजवीकडे खूण असलेली कार्डे दिली गेली. सुमारे ५० प्रयत्नांनंतर तो हा भेद आपणहून ओळखू लागला. हे यंत्र पुढे चालेल, बोलेल, त्याला स्वतःच्या अस्तित्वाची जाणीव होईल, अशी नौदलाची अपेक्षा दुसऱ्या दिवशी ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये झळकली.

२/ पर्सेप्ट्रॉनचे जनक फ्रँक रोझेनब्लाट हे मानसशास्त्रज्ञ होते. पुढची कथा सर्वपरिचित आहे. १९६९ मध्ये मार्विन मिन्स्की आणि सीमोर पॅपर्ट यांनी एकपदरी पर्सेप्ट्रॉनच्या मर्यादा गणिताने सिद्ध केल्या. १९७१ मध्ये, ४३व्या वाढदिवशी, रोझेनब्लाट नौका-अपघातात गेले. १९८६ मध्ये बहुपदरी जाळ्यांना शिकवण्याची रीत प्रसिद्ध झाली आणि त्यांचा विचार पुन्हा उभा राहिला. मिन्स्की व रोझेनब्लाट एकाच शाळेचे विद्यार्थी, त्यामुळे कथेला नाट्यही आयतेच लाभले.

३/ या नाट्यात एक यंत्र मात्र झाकोळले. १९५८ च्या प्रात्यक्षिकात साधा संगणक पर्सेप्ट्रॉनची केवळ नक्कल करत होता. खरे यंत्र, मार्क १, त्यानंतर आकाराला आले. त्याचा डोळा २० गुणिले २०, म्हणजे ४०० प्रकाशसंवेदकांचा. प्रत्येक शिकाऊ जोडणीचे बळ रेडिओच्या आवाजाच्या बटणासारख्या फिरत्या रोधकात साठवलेले, आणि तो फिरवायला विजेची मोटर. यंत्र शिकत असे, म्हणजे ही बटणे अक्षरशः फिरत. स्मृती एकीकडे आणि गणन दुसरीकडे, अशी फाळणी तेथे नव्हती.

४/ १९८६ मध्ये परतली ती केवळ रीत. हे शरीर परतले नाही. आजची प्रचंड जाळीही स्मृती आणि प्रक्रियक यांच्यात आकडे अखंड वाहून नेणाऱ्या चिप्सवर चालतात, आणि विजेचा मोठा वाटा या हमालीतच जातो. मेंदू सुमारे २० वॅटवर भागवतो. म्हणूनच ‘मेंदूसारखी’ ही आजची जाहिरात अर्धीच खरी आहे : मेंदूची रचना उसनी घेतली, काटकसर घेतली नाही.

५/ तो धागा १९८० च्या दशकात कॅलटेकमध्ये कार्व्हर मीड यांनी पुन्हा उचलला आणि त्याला ‘न्यूरोमॉर्फिक’ हे नाव दिले. २०१४ मध्ये आयबीएमची ट्रूनॉर्थ चिप १० लाख कृत्रिम चेतापेशी सुमारे ७० मिलिवॅटवर चालवू लागली. मात्र तिचे शिक्षण बाहेरच्या नेहमीच्या संगणकांवर उरकावे लागे. मार्क १ च्या मोटारी फिरत होत्या त्या नेमक्या याच कामासाठी.