बाबांची करवत काढून घेण्यापूर्वी

तान्हा पोळा जवळ आला की महालातील माझ्या दवाखान्यात एका ठरावीक प्रकारच्या जखमा दिसू लागतात. चितार ओळीत गणपतीच्या मूर्तींची लगबग चाललेली असते आणि घराघरांतून नातवंडांचे लाकडी बैल माळ्यावरून खाली उतरतात. कुणाचे शिंग निखळलेले, कुणाच्या पाटाचे चाक हरवलेले. मग आजोबा हत्यारांची पेटी उघडून बसतात. दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या काळापासून ही बैल मिरवण्याची रीत नागपुरात चालत आली, असे सांगतात. आजोबांच्या बोटांना लागणाऱ्या पटाश्यांची परंपराही तितकीच जुनी असावी.

गेल्या वर्षी बहात्तरीचे एक निवृत्त शिक्षक डाव्या हाताला पंचा गुंडाळून आले. पंचा रक्ताने भिजलेला होता. काही महिन्यांपूर्वी त्यांच्या हृदयात स्टेंट बसवला होता व रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दोन गोळ्या चालू होत्या. अंगठ्याच्या बुडाचा सांधा झिजलेला असल्याने करवत चालवली की कळ येई. त्यावर उपाय म्हणून त्यांनी ग्राइंडर विकत आणला आणि त्याला लाकूड कापायचे पाते बसवले. पाते लाकडात अडकले, यंत्र उसळले आणि तर्जनी स्नायुबंधापर्यंत चिरली गेली. मुलगा सोबत होता. तो म्हणाला, "डॉक्टर, आता हे सगळं बंद करायला सांगा बाबांना." मी तसे सांगितले.

तो सल्ला चुकला, हे मला दोन महिन्यांनी कळले. रक्तदाब तपासायला आले तेव्हा सरांचे वजन उतरले होते, झोप मोडली होती. "दिवसभर खिडकीपाशी बसून असतात," त्यांच्या पत्नी म्हणाल्या. मी झोपेची गोळी लिहिली नाही. पुढच्या वेळी हत्यारांची पेटी घेऊन यायला सांगितले.

पेटीतली प्रत्येक वस्तू आम्ही टेबलावर मांडली आणि एकेकीचा विचार केला. करवत, रंधा, दोन पटाश्या, गिरमिट, कानस, गुण्या. शिवाय ड्रिल आणि तो ग्राइंडर. हाताची हत्यारे सुरक्षित आणि विजेची धोकादायक, अशी विभागणी आपण सहज करतो. वृद्ध हातांच्या बाबतीत ती तितकी खरी नाही. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत १ किलोचा जोर लावला, तर अंगठ्याच्या बुडाच्या सांध्यावर त्याच्या सुमारे १२ पट भार पडतो. पटाशीची बारीक मूठ आवळून धरणे, गिरमिट पिळत राहणे, हे या सांध्याचे खरे शत्रू. याउलट, यंत्र हाताचा जोर वाचवते, पण हात डगमगला तरी ते थांबत नाही. पटाशी हाताच्या वेगाने चालते. ग्राइंडर त्याच्या स्वतःच्या.

म्हणून आम्ही कामे वाटून घेतली. जाड फळी उभी चिरणे हे सरांचे काम उरलेच नाही. लाकूड विकत घेतानाच आरा मशीनवर हव्या त्या मापात कापून मिळते. भोके पाडायला गिरमिटाऐवजी बॅटरीवर चालणारे हलके ड्रिल, कमी वेगावर. बैलाच्या पाठीचा बाक कापायला जिगसॉ, मात्र लाकूड टेबलाला दोन शिकंज्यांनी पक्के आवळून आणि दोन्ही हात यंत्रावर ठेवून. यात माझा एक ठाम आग्रह आहे: लाकूड स्थिर आणि यंत्र हातात, असे चालेल, यंत्र स्थिर आणि हाताने लाकूड फिरत्या पात्याकडे सरकवायचे, हे कंप असलेल्या किंवा बोटांची संवेदना कमी झालेल्या माणसाने करूच नये. मधुमेहात बोट पात्याच्या किती जवळ गेले, हे बोटाला उशिरा समजते. ग्राइंडर मी घरातून काढून टाकायला लावला.

डोळे, कान, पोट आणि मुखाचा आकार मात्र हातानेच. तिथे पटाशीचा संथपणा उपयोगी पडतो. मुठीवर जुन्या सायकलच्या ट्यूबचे चार वेढे दिले की ती जाड होते आणि चिमटीऐवजी सगळा पंजा कामाला लागतो. पटाशीला धार हवीच. बोथट हत्यार कमी लागते, ही समजूत चुकीची आहे. त्याला जोर जास्त लावावा लागतो आणि ते निसटते ते त्या जोरानेच. आमच्याकडचे सुतार जमिनीवर बसून पायाने लाकूड दाबून धरतात. पाहायला सुंदर, पण गुडघे गेलेल्या माणसाने ते अनुकरण करू नये. कोपराच्या उंचीचे टेबल आणि पाठ टेकता येईल अशी खुर्ची बरी.

सँडरविषयी दोन शब्द. त्याची थरथर दीर्घकाळ सोसली तर बोटे पांढरी पडून बधिर होऊ शकतात, म्हणून दहा मिनिटांनंतर विसावा. लाकडाची धूळ अधिक वाईट: आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ती कर्करोगकारक मानली आहे, सागवान आणि शिसवीच्या भुशाने त्वचेला व श्वासनलिकेला त्रास होतो. दमा असलेल्यांनी घासकाम उघड्यावर, चांगला मास्क लावून करावे. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही.

घरच्यांनी काही गोष्टी पाहाव्यात. झोपेची किंवा सर्दीची गुंगी आणणारी गोळी घेतलेल्या दिवशी यंत्राचे बटण दाबायचे नाही. फिरत्या यंत्राजवळ हातमोजे, उपरणे, सैल बाह्या, अंगठी नको. दुहेरी चष्म्याच्या खालच्या काचेतून अंतराचा अंदाज चुकतो. कामापुरता वेगळा चष्मा करून घ्यावा. पेसमेकर असेल तर ड्रिलची मोटर छातीपासून निदान १५ सेंटिमीटर दूर राहील असे पाहावे आणि आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या लाकूडकामासाठी आपल्या मनाने बंद करू नयेत; स्टेंटमध्ये गुठळी झाली तर ती बोटाच्या जखमेपेक्षा फार महाग पडते. कापले तर स्वच्छ कापडाने सलग १५ मिनिटे घट्ट दाबावे, मध्येच उघडून पाहू नये. बोटाचा तुकडा सुटलाच तर तो ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. तुकडा थेट बर्फावर ठेवू नये. धनुर्वाताची लस कधी घेतली होती, ते वहीत लिहून ठेवावे.

मुलाने एक अट घातली: यंत्र चालू असताना घरात कुणीतरी हवे. सरांनी कुरकुर करून ती मान्य केली. दिवाळीनंतर काम सुरू झाले, रोज सकाळी अर्धा तास, सांधा दुखला की थांबायचे. परवा ते बैल दाखवायला आले. एक शिंग दुसऱ्यापेक्षा बोटभर आखूड आहे. नातीला तोच हवा आहे, तिने त्याला घेऊन बोजारा मागायची घरांची यादीही केली आहे. त्यात माझा दवाखाना पहिला.